कॉमन प्लॉटमधला तंबू

वाकलेली होती, पण फार नाही — मधोमध, कुणी अंगठ्याने दाबून पाहावी तेवढीच. बाकी वीतभर लांब, वरच्या टोकाला आकड्यासारखी वळवलेली, खालच्या टोकाला काळी माती वाळून बसलेली... कपडे भिजवायच्या आधी विश्वंभरच्या पँटचे खिसे चाचपताना ती निरुपमाच्या हाती लागली, आणि ही तंबूची मेख आहे हे कळायला तिला जरा वेळच लागला. एरवी ह्या खिशांत निघायचं ते सुपारीचं खांड, नाहीतर कारखान्याच्या कँटीनचं कुपन. तिने मेख नळाखाली धुतली, पदराला पुसली, तळहातावर उडवून वजन पाहिलं — चहाच्या चमच्याहून जास्त नसेल — आणि तिला हसू आलं. एवढ्याशा तारेच्या भरवशावर तिचा नवरा महिनाभर झोपतो आहे, आणि लोखंड-सिमेंटच्या, मेंटेनन्स वेळेवर भरलेल्या तीन मजली इमारतीवर मात्र त्याचा विश्वास नाही.

भूकंप झाला तेव्हा सगळी सोसायटीच कॉमन प्लॉटमध्ये येऊन झोपली होती. बडोद्याच्या समा भागातली अशी एकही सोसायटी नसेल, जिच्या मोकळ्या जागेत त्या रात्री सतरंज्या पडल्या नव्हत्या. सव्वीस जानेवारीची सकाळ. निरुपमा झेंडावंदनाला खाली, विश्वंभर वर घरात दाढी करत होता. तो जिना उतरून आला तेव्हा एका गालाला साबण होता आणि पायांत काही नव्हतं, आणि पुढे कितीतरी दिवस लोक त्या साबणावरून त्याची थट्टा करत, तोही हसे. मग थंडीने कुडकुडून, डासांना कंटाळून, एकेक कुटुंब आपापल्या मजल्यावर परतलं — वर जाताना प्रत्येकजण दाराची चौकट हाताने थोपटून आत शिरे, म्हशीला थोपटावं तसं. विश्वंभर परतला नाही. तो सयाजीगंजात गेला आणि स्टेशनजवळच्या एका गल्लीत बाहेरदेशचा स्वस्त माल नव्याने यायला लागला होता, तिथून हे निळंनारिंगी धूड घेऊन आला.

खोक्यावर चित्र होतं: सोनेरी केसांचे आईबाप, दोन मुलं, मागे तळं, आणि चौघंही नुकतेच दात घासून आल्यासारखी हसत होती. “चार माणसांचा फॅमिली तंबू आहे,” विश्वंभर म्हणाला होता. “तूही ये.” चार माणसं आणायची कुठून? एकुलती एक रसिका पुण्याला होस्टेलमध्ये. निरुपमा एक रात्र जाऊन झोपली, पाठ धरली असं सांगून दुसऱ्या दिवशी वर आली, आणि तेव्हापासून घराचे दोन भाग झाले — एक तिसऱ्या मजल्यावर, एक खाली गवतात. आंघोळीला तो वर येई, पण न्हाणीघराचं दार उघडं टाकून, आणि तिने बाहेर पॅसेजमध्ये उभं राहून काहीतरी बोलत राहायचं. ती बोलायची थांबली की आतलं तांब्याचं खळखळणं थांबे. जेवण खाली, बाकावर. ती डबा घेऊन जाई, तो जेवे, ती डबा घेऊन येई. पन्नाशीला आलेल्या नवराबायकोने असा चोरून भेटल्यासारखा संसार करावा म्हणजे... पण कुणी पाहात नव्हतं असं नाही, उलट सगळे खिडक्यांतून पाहात होते.

राग यायला हवा होता. सोसायटीतल्या बायका तिच्या चेहऱ्यावर तो शोधत, आणि सापडला नाही की तिच्या सोशिकपणाचं कौतुक करून निघून जात. पण निरुपमाला खरं तर वाटत होतं ते एवढंच, की हे आहे तरी काय? तिला ते जाणून घ्यायचं होतं, अगदी लहान मुलीने कुलूपबंद खोलीच्या फटीला डोळा लावावा तसं, आणि ह्या वयात ह्या उत्सुकतेची तिला थोडी लाजही वाटे. कारण विश्वंभर घाबरलेला दिसत नव्हता. तो बदलला होता. ज्याने बावीस वर्षांच्या संसारात कॅलेंडरसाठी एक खिळा ठोकला नाही, तो शिफ्टवरून आला की गुडघ्यावर बसून मेखा तपासू लागला — मेख उभी ठोकायची नाही, तंबूकडे पाठ करून कललेली ठोकायची. काळी माती कोरडी असते तोवर दगड, भिजली की लोणी, म्हणून प्रत्येक मेखेच्या डोक्यावर वीट ठेवायची. भोवती चर खणायचा आणि त्याला उताराकडे तोंड द्यायचं. हे सगळं तो जेवताना तिला सांगे. पूर्वी जेवताना तो पेपर वाचायचा. तिला कधीकधी वाटे, मी ह्या माणसाशी लग्न केलं असतं तर काय झालं असतं.

आणि काल रात्री त्याने भाजी पुढे ओढत, सहज सांगावं तसं सांगितलं. रविवारी खालच्या नयनाबेनच्या मुलीचं लग्न. प्लॉटवर मंडप पडणार, तंबू काढावाच लागणार. तर त्याने कारखान्याच्या कॉलनीतल्या क्वार्टरसाठी शब्द टाकला आहे. बैठं घर आहे. वर स्लॅब नाही, पत्रे आहेत. शनिवारी सामान नेलं तरी चालेल.

“आणि मी?” तिने विचारलं.

“तूही ये.”

तंबूच्या वेळचेच शब्द, त्याच सुरात. रागवायचं तरी कशावर? तो बोलावत होता. पण ‘चल’ म्हणणं आणि ‘तूही ये’ म्हणणं ह्यात काहीतरी होतं, ते तिच्या हाती लागेना. ती येणार नाही हे धरूनच तो बोलला होता का? तिच्या शिकवण्या इथे, मांडवीत माहेर, सगळा जन्म बडोद्यात. आणि कॉलनी शहरापासून लांब, कारखान्याच्या धुराड्याखाली... पत्र्याच्या घरात तो एकटा राहील, शनिवारी-रविवारी ती डबा घेऊन जाईल, मग महिन्यातून एकदा. नवरे सोडून जातात असं आपण ऐकतो, ते काहीतरी भांडण होऊन, कुणीतरी दुसरी असून. इथे दुसरं कुणी नव्हतं. एक स्लॅब होता. रात्रभर ती त्या स्लॅबकडे पाहात पडली होती.

कपडे तसेच बादलीत ठेवून ती मेख घेऊन खाली उतरली. विश्वंभर पहिल्या पाळीला गेला होता, तीनच्या सुमाराला कंपनीची बस त्याला नाक्यावर सोडी. तोवर ही मेख सरळ करून ठेवावी — असं ती स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे तिला तो नसताना आत जायचं होतं.

नयनाबेन तळमजल्यावरच्या खिडकीत गहू निवडत बसल्या होत्या. त्यांच्या खिडकीसमोरच तंबू, त्यामुळे महिनाभर त्यांना टीव्हीची गरज पडली नव्हती.

“निरुपमाबेन, आजे मावठुं थवानुं,” त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. “पवन तो जुओ.”

वारा होता खरा, अवकाळी पाऊस आणणाराच. फेब्रुवारी संपत आलेला, आभाळ सकाळपासून राखेच्या रंगाचं, आणि पलीकडच्या लिंबाची पानं उलटी होऊन पांढरी दिसत होती.

“आवशे तो आवशे,” निरुपमा म्हणाली.

“तंबू पडी जाय तो सारुं ने! भाई आपोआप घरभेगा थई जाय.” नयनाबेन हसल्या. वाईट मनाने नव्हे. त्यांच्या डोळ्यांसमोर मांडव होता, आणि शेजाऱ्याचा नवरा घरी यावा असंही त्यांना मनापासून वाटत होतं. तंबू पडून दोन्ही कामं एका वाऱ्यात होत असतील तर कुणाला नको?

“एवुं ना बोलो, नयनाबेन,” निरुपमा म्हणाली आणि तंबूची चेन ओढून घाईने आत शिरली.

आत निळा उजेड होता. माळावर भर दुपारी डोळे मिटून पडावं आणि पापण्यांतून दिसावा तसा काहीतरी, पण निळा. एक खाट, तिच्यावर घडी करून ठेवलेली चादर — ह्यांना घड्या घालता येतात! मी बावीस वर्षं ह्यांच्या चादरीच्या घड्या घालते आहे. पाण्याची बाटली, बॅटरी, ट्रान्झिस्टर. आणि वरच्या आडव्या दांड्याला दोऱ्याने टांगलेला एक नट, चांगला जाड, कारखान्यातून आणलेला असणार. तो कशासाठी, हे तिला खाटेवर आडवं झाल्यावर कळलं. तिथून पाहिलं की तो बरोबर डोळ्यांच्या वर येतो. तो नट हलला तर जमीन हलली. ती श्वास रोखून पाहात राहिली. नट अगदी बारीक, एका बाजूला सरकला आणि परत आला... वारा. कापड हललं की दांडा हलतो, दांडा हलला की नट. मग ह्याला रात्रभर कसं कळणार, काय हललं ते? तो झोपतो की नुसता पाहात राहतो? हे आपण त्याला कधी विचारलं नाही. मेखांबद्दल ऐकलं, मातीबद्दल ऐकलं, मन लावून ऐकलं, आणि तो घाबरलेला नाही असं ठरवून टाकलं.

ती कुशीवर वळली. कापडाला रबराचा, नव्या चपलेचा वास होता. तंबूला असा वास असतो होय? तंबूचा वास तिला ठाऊक होता — जुन्या सुताचा, धुराचा, घोंगडीचा. तिच्या माहेरचे लोक संस्थानच्या फौजेतले. भिंतीवर तलवार होती, पण ती कुणी कुठे चालवली हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. तंबू ठोकल्याच्या गोष्टी मात्र ढीगभर. फौज विसर्जित झाली, पण एक राहुटी घरी राहिली, आणि तिचे वडील, दत्ताजीराव — आबासाहेब — दर वर्षी देवीला पावागडाच्या पायथ्याशी गेले की धर्मशाळा सोडून ती राहुटी ठोकत. बाभळीच्या मेखा, मनगटाएवढ्या. सुती कापड, सुती दोर, करंगळीएवढे जाड. आणि एक हुकूम, जो झोपेत ऐकला तरी अंगावर काटा यावा: “आभाळ आलं, दोर सोडा!”

कारण सुती दोर पाण्याने आखडतो. भिजला की आवळत जातो, आवळत जातो, आणि आधीच चार बोटं ढिला करून ठेवला नाही तर मेख उपटतो, नाहीतर कापड फाडतो. पाहुण्यांना हे उलटं वाटे — वादळ आलं की माणूस सगळं आवळून घेतो, आणि हे दत्ताजीराव सोडायला काय सांगतात! — आणि पाहुण्यांचं ते तोंड पाहण्यात आबासाहेबांना मोठी मौज वाटे. एकदा, मी नऊ-दहा वर्षांची असेन, आभाळ आलं आणि धाकटा भाऊ पिलाजी आईच्या पदरात शिरला. मी एकटीने माझ्या बाजूचे आणि त्याच्याही बाजूचे दोर सोडले. चार चार बोटं, सारखी. मग आम्ही आत बसलो आणि पाऊस कोसळला, आणि ते दोर एकेक करून आपोआप ताठ होत गेले. मी कापडाला कान लावून ऐकत होते. आबासाहेब म्हणाले, ही खरी फौजेतली. नंतर तसं काही ते मला म्हणाले नाहीत. म्हणण्यासारखं काही घडलंही नसावं.

उजेड गेला. निळा होता तो एकदम जांभळा झाला, आणि कापडाची एक बाजू कुणी बाहेरून अंग टाकल्यासारखी आत आली. निरुपमा उठून बसली. बाहेर पत्र्याचं काहीतरी घरंगळत गेलं, कुणीतरी गच्चीवरून ओरडलं, आणि कापडावर पहिला थेंब टप्पदिशी वाजला.

पडी जाय तो सारुं ने.

ती बाहेर आली. पुढच्या तासाभरात हा क्षण तिने इतक्या वेळा परत उलगडून पाहिला की शेवटी त्याच्या घड्या झिजल्या. पण त्या वेळी, तिला आठवतं तसं, तिच्या मनात नयनाबेन नव्हत्या, रविवार नव्हता, पत्र्याचं घरही नव्हतं. धुळीचा लोट प्लॉटवरून येत होता. तंबूचे दोर ताठ होते, विश्वंभरने सकाळी जाण्याआधी ताणलेले, बोट मारलं तर वाजतील इतके. आणि तिचे हात, तिला न विचारता, पहिल्या दोराकडे गेले.

हे दोर निराळे होते — बारीक, गुळगुळीत, पिवळे. गाठीऐवजी तीन भोकांची प्लास्टिकची पट्टी, ती सरकवली की दोर कमी-जास्त. तिला ते क्षणात कळलं. चार बोटं. पुढचा. चार बोटं. खिडकीतून कुणी हाका मारत होतं, तिने पाहिलं नाही. पदर खोचून, एका मेखेवरची वीट नीट बसवून, ती सगळ्या तंबूभोवती फिरून आली, आणि खरं सांगायचं तर ती सुखात होती. महिनाभर तो तिला तंबूतलं सांगत होता. आता त्याच्या तंबूसाठी तिला ठाऊक असलेलं एक काम तिने केलं होतं, आणि संध्याकाळी ती ते सांगणार होती. त्याला ठाऊकच नसेल हे. भुसावळच्या रेल्वेवाल्यांच्या घरातला माणूस, त्याला फौजेतलं काय ठाऊक?

मग ती धावत जिन्याखाली येऊन उभी राहिली आणि दोर आवळायची वाट पाहू लागली.

पाऊस धो धो नव्हता, पण तिरपा होता. कापडाचा रंग बघता बघता गडद झाला. आता, तिने मनाशी म्हटलं. आता ओढतील. दोर भिजले, चमकले, आणि लोंबू लागले. तिला वाटलं, अजून पुरते भिजले नसतील. ती मान पुढे काढून पाहात राहिली, आणि छप्पर, जे ताठ व्हायला हवं होतं, ते पोट सुटल्यासारखं खाली आलं, त्यात पाणी साचलं. वाऱ्याने एक कड उचलून ते सांडलं, परत साचलं. ढिल्या दोरांना झटके बसू लागले. काळी माती लोणी झाली होती. एक मेख सुटली, मग तिच्या शेजारची, विटा घसरून आडव्या झाल्या, आणि पुढचा दांडा अगदी सावकाश कलला. तंबू कोसळलाही नाही. दमलेला माणूस बसतो तसा तो खाली बसला, आणि त्याच्यावर पाऊस पडत राहिला.

निरुपमाला आनंद झाला.

उघड, सरळ आनंद. छातीत मावेना असा. आज रात्री तो वर येईल. अंथरूण भिजलं, जागा भिजली, जाणार कुठे? दोन पोळ्या जास्त टाकाव्या लागतील, त्याची उशी कपाटावरून काढावी लागेल... एवढं सगळं मनात येऊन गेलं, आणि मग कुठे तिला वाईट वाटायचं सुचलं. तोवर उशीर झाला होता. वाईट वाटणं हे दुसऱ्या नंबरावर आलं होतं, आणि तिला ते कळलं होतं.

“में जोयुं, हं!” नयनाबेन खिडकीच्या गजांना गाल लावून हळूच म्हणाल्या. सगळं पाहिलेले त्यांचे डोळे चमकत होते. “एकेएक दोरी ढीली करी! बहु हुशियार तमे तो. हुं कोईने नहीं कहुं.”

निरुपमाने तोंड उघडलं. सुती दोर, पावागड, आबासाहेब — हे सगळं गुजरातीत, पावसात, खिडकीतून कसं सांगायचं? आणि सांगितलं तर कोण खरं मानेल? “ना, ना, एवुं नथी,” ती म्हणाली, आणि ते इतकं खोटं वाटलं की नयनाबेननी समजूतदारपणे मान डोलावली आणि खिडकीचं एक दार लावून घेतलं.

वर न जाता ती जिन्याच्या पायरीवर बसली. मी तंबू वाचवायला गेले की पाडायला? हातांना माहीत होतं का? पण नायलॉन हा शब्द तिला ठाऊक नव्हता थोडाच. तिच्या अर्ध्या साड्या नायलॉनच्या, धुवून झटकल्या की सुकणाऱ्या, कधी आटल्या नाहीत, कधी आखडल्या नाहीत. हे दोर सुती नाहीत हे बोटांना पहिल्या क्षणी कळलं होतं — बारीक, गुळगुळीत, असं तिने स्वतःशी म्हटलंसुद्धा होतं. मग पुढचा विचार का आला नाही? तो कुणी अडवला? तिला स्वतःला दोष देण्यापेक्षा हे शोधायची जास्त घाई झाली होती. बाजारात आपल्यासारखी दिसणारी बाई पाठमोरी दिसावी, आणि आपण तिचं तोंड पाहायला पुढे पुढे चालावं, ती वळतच नाही... तसं काहीतरी. वारा आला, तंबू पडला, एवढं म्हटलं तरी भागणार होतं. नयनाबेन कुणाला सांगणार नव्हत्या. मात्र त्या दोरांवर चार चार बोटं ढील होती, सारखी, सगळ्यांवर.

विश्वंभर गेटातून आत आला तेव्हा पाऊस रिमझिम उरला होता. तो थांबला. मग छत्री मिटून, बुटांसकट चिखलात उतरून तंबूजवळ गेला, आणि वाकून एक दोर उचलला. पट्टी पाहिली. दुसरा उचलला. निरुपमा त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

“दोर कुणी सोडले?”

“मी.”

त्याने वळून पाहिलं. चष्म्यावर थेंब होते, डोळे दिसत नव्हते.

“पाऊस आला म्हणून सोडले,” ती म्हणाली. “आबासाहेब सोडायला लावायचे. दोर आखडतो, मेख उपटते, म्हणून...”

“अगं, तो सुती दोर.” त्याला हसू फुटलं, खरंखुरं, पोटातून. “हे नायलॉन आहे, निरू! नायलॉन भिजलं की सैल पडतं. पाऊस आला की हे उलट ताणायचं असतं, कापड आणि दोर दोन्ही. मी इतकी वर्षं दुसरं काय करतो कारखान्यात? धागे भिजवतो आणि मोजतो. मला विचारायचंस तरी!”

त्याने विश्वास ठेवला होता. इतक्या सहज, इतका पुरता, की तिला तो सोसवेना.

“अहो, पण पडला तेव्हा मला बरं वाटलं.”

तो हसायचा थांबला. हातातला दोर तळव्याभोवती गुंडाळू लागला, सावकाश, वेढ्याला वेढा लावून.

“खूप बरं वाटलं,” ती म्हणाली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. “वाटलं, आता तुम्ही वर याल.”

“हं.” त्याने गुंडाळलेला दोर खाली ठेवला. “मला गेटातून दिसला नाही ना, तेव्हा मलाही वाटलं... सुटलो. आणि लगेच मनात आलं, की आता झोपायचं कुठे.” मग दुसरा दोर उचलत, “मला झोप लागत नाही, निरू. इथेही लागत नाही. वर तो नट टांगलाय, तो बघत बसतो.”

तिने त्याच्या बाहीला हात लावला. ओली होती. “चला वर. मी दिवा लावून ठेवते, दार उघडं ठेवते, हवं तर दाराशीच अंथरूण घालू. क्वार्टरचं मग बघू. चला.”

त्याने वर पाहिलं, तिसऱ्या मजल्याकडे, बराच वेळ. आणि मग तिच्याकडे. चष्मा पुसून, नीट.

“तुला एक विचारू? त्या दिवशी मी आत होतो. मला आरसा हलताना दिसला, बाकी काही दिसलं नाही. तू इथे खाली होतीस, तू बिल्डिंग बाहेरून पाहिलीस. हलली?”

नाही, म्हणायला तिने तोंड उघडलं. सोपं होतं; नाही म्हटलं असतं तर तो आला असता. थोडीशी, असंही म्हणता आलं असतं. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे साबणाचं विचारत होते. रसिकाने फोनवर, बाबा कसे आहेत, एवढं विचारलं. आणि तीही त्याच्याच भीतीभोवती फिरत राहिली होती, डबा घेऊन, प्रश्न घेऊन, इतक्या आवडीने... तिला एकदम दिसलं. राष्ट्रगीत सुरू होतं, ती झेंड्याकडे पाहात होती, झेंड्यामागे त्यांची गॅलरी, आणि ती गॅलरी आभाळात सरकली. आवाज न होता. जिथे होती तिथे आभाळ होतं, आणि मग परत गॅलरी होती. मी ओरडले नाही. मला कळलं की हे आत आहेत, आणि माझे पाय हलले नाहीत.

आणि त्यानंतर महिनाभर मी त्याच घरात, दाराजवळच्या कडेला, बाहेरची साडी नेसून, पलंगाखाली चपला सरळ करून झोपते आहे. आणि ह्यांनी रात्री हाक मारली तर लगेच उतरता यावं म्हणून, असं मी समजत होते.

“हलली,” ती म्हणाली.

तो पुढे ऐकायला उभा होता. नयनाबेनच्या खिडकीचं दार पुन्हा किलकिलं झालं होतं. निरुपमाने त्याच्या बाहीवरचा हात काढला नाही. उलट आता ती बाही तिला धरायला लागत होती, आणि वर जाऊया असं आत्ताच म्हणालेल्या बाईला खरोखर वर जायचं आहे का, हे तिला माहीत नव्हतं.